पाव फेरा मागं

चौऱ्याण्णव साली बोथजवळच्या सूतगिरणीत एन्कोडरचा, म्हणजे मोटरच्या शाफ्टचे फेरे मोजणाऱ्या उपकरणाचा, फॉल्ट रोज सकाळी आठलाच यायचा. मोटर बंद, तरी ती चालवणाऱ्या ड्राइव्हवरचा आकडा पाव फेरा मागं सरकायचा. इंजिनिअर चिंतामणीनं केबल बदलली, एन्कोडर बदलला, फरक नाही.

पूर्वी जुने ऑपरेटर चंपतराव रोज आठला, मोटर सुरू करण्याआधी, असाच हातानं शाफ्ट पाव फेरा मागं फिरवायचे. मग म्हणायचे, "हं, दाबा आता बटन, सायेब."

एका सकाळी चिंतामणीनं घाई केली, त्यांच्या शब्दाआधीच बटण दाबलं. शाफ्टनं चंपतरावांना ओढून घेतलं; ते जागीच गेले. फॉल्ट सुरू झाला तो त्यानंतरच.

आज आठच्या आधी चिंतामणीनं एन्कोडरच काढून ठेवला आणि तो शाफ्टवर हात ठेवून उभा राहिला. शाफ्ट हलला नाही. आकडा मात्र सरकला.

"चुकलंच माझं, चंपतराव," तो पुटपुटला.

मागं, कुणी नसलेल्या पॅनेलपाशी, बटण दाबल्याचा आवाज आला.