इंजिनाला हात लावायचा नाही

"बाबा, बॉनेट उघडत नाही हं. वायर तुटलीय," तिने आधीच सांगून टाकलं.

बाबा गाडीसमोर उभे होते, काखेत लांबलचक स्क्रू ड्रायव्हर. सत्तरी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, पण तो स्क्रू ड्रायव्हर काही सुटला नव्हता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, बॉनेटकडे पाहिलं आणि मान डोलावली. वाद नाही, उलटतपासणी नाही. तिचा जीव भांड्यात पडला.

एकेकाळी गाड्यांच्या कारखान्यातले सगळे या माणसाला 'कान' म्हणायचे. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, डोळे मिटलेले, आणि मग निकाल: "तिसरा व्हॉल्व्ह रडतोय." उघडून बघावं तर तिसराच! दुसऱ्या कंपन्यांचे लोकही आपली इंजिनं घेऊन यायचे. 'साहेबांच्या कानावर घाला' हे तिथे अगदी शब्दशः व्हायचं.

आणि ही त्यांची लेक. लहानपणी सदा नट आणि बोल्टच्या मध्ये लुडबुडायची, म्हणून बाबांनी तिचं नाव 'वॉशर' ठेवलं. आता विजेच्या गाड्यांच्या दुनियेत या वॉशरचा केवढा दबदबा होता! तिची मोटर चालू असताना वर नाणं उभं करावं, ते पडायचं नाही. देशोदेशीचे इंजिनिअर तिचं भाषण ऐकायला गर्दी करायचे.

पण आज बाईसाहेबांची पार घाबरगुंडी उडाली होती.

ही गाडी बाबांनी तिला पहिली नोकरी लागली तेव्हा दिली होती. त्यांनी स्वतः आखलेलं पहिलं इंजिन हिच्यातच बसलं होतं. "गाडी तुझी, इंजिन माझं," ते म्हणाले होते. "त्याला हात लावायचा नाही."

तिने नेमका हात लावला होता. मोटरच्या पहिल्या प्रयोगासाठी तिला कुणी गाडी देईना. शेवटी तिने हिचंच इंजिन उतरवलं, मोटर बसवली, आणि तिथून तिचं नशीब उघडलं. इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात पडून राहिलं आणि घर बदलताना भंगारात गेलं. त्या दिवशी ती ढसाढसा रडली. बाबांना सांगायची मात्र छाती झाली नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता वर्षं गेली.

मग परवा परवा आईचा फोन आला. हल्ली फोनवर आईच बोलायची. बाबांना फोनचा कंटाळा, असं तिचं म्हणणं. "यांना एकदा त्यांच्या गाडीतून फिरायचंय गं. दुसरं काही मागत नाहीत."

झालं, वॉशरबाई कामाला लागल्या. कारखान्यातल्या जुन्या टेपांतून त्या इंजिनाचा आवाज हुडकून काढला. बॉनेटखाली स्पीकर बसवले. पेडल दाबलं की आवाज चढणार, सोडलं की उतरणार. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या टॅपेटची ती जुनी टकटकसुद्धा तिने राहू दिली. ती ऐकू आली नाही तर बाबांना लगेच संशय आला असता.

आई मागे बसली, बाबा पुढे. तिने किल्ली फिरवली. आधी घरघर, मग ते ओळखीचं घुमणं सुरू झालं.

"अगंबाई, अजून तस्संच!" आई म्हणाली.

तिलाच ते जुने दिवस आठवले. सुट्टीची सकाळ, कोपरापर्यंत ग्रीस, आणि बाबा तिच्या कानाला ती मूठ लावून म्हणताहेत, "ऐक, बोलतंय ते." किती सुखाचे दिवस होते ते! आपण ते भंगारात घातले, असं तिला वाटलं.

बाबांनी तळहात डॅशबोर्डवर टेकवला आणि डोळे मिटले. गाडी अजून जागेवरच, अगदी स्तब्ध होती. संपलं, तिला वाटलं. हा कान स्पीकरला थोडाच फसणार!

बाबांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते बाहीने पुसलं.

"टॅपेट वाजतंय गं अजून," ते म्हणाले. "वाजू दे. म्हाताऱ्यांनी थोडी कुरकुर करायचीच."

तिला हसूही आलं आणि रडूही. तिने गाडी रस्त्यावर घेतली.

"काच लावू का, बाबा? वारा गार आहे."

"रस्ता केवढा रुंद केला," बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले.

हे त्यांचं नेहमीचंच. आपण विचारावं एक, ते सांगणार भलतंच. मागून एका ट्रकने कर्कश हॉर्न दिला. आई केवढ्याने दचकली! बाबा आपले खुशीत होते. कारखान्याचं फाटक आलं तसे ते खुलले.

"इथे उभी राहायचीस तू. हाताला ग्रीस लागल्याशिवाय घरी जायची नाहीस. तुझी आई मला बोलायची!"

"मग काय, साबण मीच आणत होते ना," आई मागून म्हणाली.

घरी परतल्यावर बाबा सावकाश उतरले. त्यांनी बॉनेटवर दोनदा थोपटलं आणि तो स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातात ठेवला.

"मला कशाला, बाबा?"

"असू दे." त्यांनी तिच्या गालाला हात लावला. "छान सांभाळलंस गं माझं इंजिन, वॉशर."

ते घरात गेले. तिने किल्ली काढली. सुटले एकदाची, असं वाटलं, आणि सुटल्याची लाजही वाटली.

"बाबांचा कान अजून तस्साच आहे, नाही?" तिने आईला विचारलं.

आईने दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीय त्यांनी. कानावर नाव कमावलेला माणूस ना! गेल्या वर्षीच्या तापात दोन्ही कान गेले गं. तोफ डागली तरी कळत नाही. समोरच्याचे ओठ बघून भागवतात."

"पण मग ते टॅपेट..."

"ते होय?" आई हसली. "अगं, तळहात टेकवला होता की! नुसतं उभ्या गाडीत इंजिन चालू असलं तरी थरथर लागते म्हणतात. आत इंजिन आहे की नाही, ते हाताला बरोब्बर कळतं त्यांच्या."