सागवानी दार

सकाळी आठच्या सभेत साहेबांनी आपल्या केबिनचं सागवानी दार बिजागऱ्यांसकट काढायला लावलं. "आजपासून मालक आणि कामगारांमध्ये दार नाही!" टाळ्या पडल्या, फोटो निघाले.

रोजच्या या नेतृत्वाच्या प्रवचनांचा शालनला वीट आला होता. तिच्या पॅकिंग खात्यातल्या बायकांच्या संडासाचं दार मोडून सहा महिने झाले होते. एकीने आत जायचं आणि दुसरीने बाहेर गोणपाट धरून उभं राहायचं. ती पुढे झाली. "साहेब, मग हे दार आमच्या संडासाला लावा की."

साहेबांनी नाक मुरडलं. "शी! हे उद्यापासून स्वागतकक्षात राहणार. कंपनीचा आदर्श आहे तो."

दुसऱ्या दिवशी दाराला झेंडूचा हार घातलेला पाहून शालनने ते वितीने मोजून घेतलं.

तिसऱ्या दिवशी साहेब पाहुण्यांना दार दाखवायला आले, तर भिंतीशी नुसता हार पडलेला. शोधत शोधत सगळे मागच्या बाजूला पोचले. खालून वीतभर कापलेलं सागवानी दार संडासाला चपखल बसलं होतं. साहेबांनी ते रागारागाने ठोठावलं.

"थांबा की जरा," शालन आतून खेकसली, "माणूस आहे आत."