कोणाचं गाणं?

जयगडहून फेरीबोट सुटली. प्रत्येकाच्या कानातलं यंत्र त्याच्या-त्याच्या मनाजोगं नवं गाणं रचत होतं. दोघांना ठाऊक असलेलं एकही गाणं आता उरलं नव्हतं. "सगळ्यांना एकच गाणं? कोण ऐकणार तुझं?" असं म्हणून कंपन्यांनी हसण्यावारी नेलेली शाल्मली आपली गाणी स्वतःच नेटवर टाकत होती.

एवढ्यात टोपलीपाशी बसलेली कोळीण गुणगुणू लागली. कठड्याशी उभी असलेली शाल्मली चमकली. चाल तिची होती! तेवढ्यात ट्रकवाल्यानं पुढची ओळ उचलली.

"मेल्या, मला नेटवर गावलेलं माझं गाणं तुला कसं ठाऊक?"

"तुमचं कसलं, मावशी? माझंय ते!"

भांडण चांगलंच जुंपलं. शाल्मलीचा ऊर भरून आला. "गप्प बसा दोघं!" म्हणत तिनं अंतरा सुरू केला, आणि एकत्र गायचं कसं हे कोणालाच माहीत नसताना अख्खी बोट तिच्यामागून गाऊ लागली.