भरलेले गाल

"मान वर करा वहिनी, मशीनकडं बघा," धान्य दुकानदार म्हणाला.

तिनं बघितलं. दोन्ही गालांत चिंध्यांचे बोळे होते. सकाळीच जावेनं आरशासमोर बसवून कोंबून दिले होते. "कार्डासाठी फोटो काढला तेव्हा तू अशी गुबगुबीत होतीस. मशीनला तीच बाई हवीय."

मशीन नवं होतं. गरिबांच्या धान्यावर डल्ला मारणारे चोर पकडायला सरकारनं पैसा पाण्यासारखा ओतून दुकानादुकानात बसवलं होतं. चेहरा जुळला तर धान्य, नाही तर चालू लागा. आजारपणानं तिचा चेहरा उतरला आणि धान्य अडलं. धान्य अडलं म्हणून चेहरा आणखी उतरला. मागच्या खेपेला दुकानदार म्हणाला होता, "मी ओळखतो हो तुम्हाला, पण मला विचारतंय कोण? खाऊनपिऊन जरा अंग धरा, मग या." रांग हसली होती. तीही हसली होती.

हिरवा दिवा लागला. तिनं झटकन पिशवी उघडून धरली. घरी सासू चुलीवर आधण ठेवून बसली होती, दोन्ही पोरी दारात. तांदळाचं पहिलं माप पिशवीत पडलं.

"थांबा." कोपऱ्यातल्या स्टुलावर चहा पीत बसलेले तपासणीचे साहेब उठले. "नाव काय तुमचं?"

"अं," ती म्हणाली.

"तोंडात काय आहे? काढा."

तिनं बोळे ओंजळीत काढले. गाल आत बसले. या वेळी रांगेत कुणी हसलं नाही.

साहेबांचा चेहरा मात्र खुलला. "सापडली! एवढा पैसा घातला, चोर कुठाय म्हणून वरचे माझा जीव खातात. आता पुढच्या वर्षीचा निधी कोण अडवतो बघू."

"साहेब, कार्ड तिचंच आहे," दुकानदार म्हणाला. "स्वतःचंच धान्य कोण चोरेल?"

"मशीनला फसवलं की नाही? तुम्हालाही तिच्यासोबत आत बसवू?"

दुकानदारानं पिशवी पोत्यात उलटी केली.

"मीच आहे हो ती," ती म्हणाली. "आई शप्पथ, मीच."

"तेच नोंदवायचंय." मशीनवर गुन्हा चढवायलाही चेहरा जुळावा लागतो. साहेबांनी मशीन तिच्यापुढं धरलं. लाल दिवा. जवळ नेलं. लाल. तिची हनुवटी धरून मान वळवली. लालच.

साहेब वैतागले. मग त्यांची नजर तिच्या ओंजळीकडं गेली.

"घाला ते परत."

तिनं ओले बोळे एकेक करून गालांत सारले. साहेबांनी मशीन पुढं केलं.

हिरवा दिवा लागला.

तिनं झटकन पिशवी उघडून धरली.