लिंबाचा नेमका थेंब

आणखी एक थेंब टाकून आकारामतात्यांनी कागदाची पट्टी पुढं केली. कृष्णातनं ती हुंगली आणि त्याचं तोंड पडलं. लिंबू असं झळाळून वर आलं होतं, की खालचा वाळा नि चंदन त्याच्यामागं आपोआप चालत यावेत.

"कसं हाय?"

"बरं हाय."

त्याच्याकडं बघत तात्यांनी बाटलीला बूच लावलं. "मग झालं की."

कसबा बावड्यातल्या त्या अत्तराच्या कारखान्यात मिसळणीला दोघंच बसत. लिंबा-संत्र्याचा वास सगळ्यांत आधी उठतो आणि अर्ध्या तासात उडूनही जातो. पण गिऱ्हाईक भुलतं ते त्यालाच. एक थेंब कमी पडला तर अत्तर झोपतं, एक जास्त झाला तर भांडी घासायचा साबण. तो नेमका थेंब तात्यांनाच साधायचा. गेल्या पाच-सहा वर्षांत त्यांचा एकही माल बिघडला नव्हता. शेजारी बसून बघणाऱ्या कृष्णातला अन्न गोड लागत नव्हतं.

जवळच्या साखर कारखान्याच्या मळीचा भपका आला की सगळे नाकाला रुमाल लावत. तात्या निवांत थेंब मोजत राहायचे. तेलाची बाटलीसुद्धा हुंगून बघत नसत. एवढा कसला गर्व, असं कृष्णातला वाटायचं.

सत्त्याण्णवच्या दिवाळीआधी मालक गणपतराव म्हणाले, "नव्या अत्तराच्या डबीवर तात्यांचं नाव छापायचं. उद्या माझ्यासमोर नमुना करा."

त्या रात्री कृष्णातला झोप लागली नाही. सकाळी त्यानं लिंबाच्या तेलाची ताजी बाटली कपाटामागं लपवली. खिडकीतल्या उन्हात दोन वर्षं पडून टर्पेंटाइनसारखा वास मारणारी बाटली तात्यांपुढं ठेवली.

गणपतराव फोनवर बोलत होते. तात्यांनी थेंब टाकले, पट्टी बुडवून नेहमीसारखी कृष्णातपुढं धरली. घाण भपकारा आला. कृष्णातला आतून गुदगुल्या झाल्या नि हसू आवरेना.

"कसं हाय?"

"झकास, तात्या! असं कधी जमलंच न्हवतं."

तात्यांनी क्षणभर त्याच्याकडं बघितलं. मग उठून सगळा नमुना मोरीत ओतला.

"अवो, काय केलासा हे!" कृष्णात ओरडला.

"हळू बोल," तात्या जवळ सरकले. "सा वर्सामागं तापात माझं नाक गेलं, लेका. तवापासनं तुझं तोंड पडलं की मी थेंब थांबवतोय. आज तू हसलास."