सरावाचा सायरन

आगीच्या सरावाचा सायरन थांबला तेव्हा सगळा कारखाना मैदानात उभा होता. हजेरीत एकही नाव कमी भरलं नाही. मॅनेजरांनी सुरक्षा अधिकारी तानवडेंची पाठ थोपटून पेढे मागवले. तानवडे दरवर्षीप्रमाणे छान लाजले.

पेढे वाटायला खोकं हवं म्हणून ते मागच्या पॅकिंग शेडमध्ये गेले. "एखादं खोकं..." म्हणता म्हणता थबकले. कंत्राटावरच्या सगळ्या बायका खाली मान घालून काम करत होत्या.

"अहो, सायरन ऐकला नाही?"

"ऐकला की! कानठळ्या बसल्या," अनसूयाबाई टेप दाताने तोडत म्हणाल्या. "पण साहेब, कँटीनची घंटा, बसचा हॉर्न, सगळं पर्मनंट लोकांसाठीच वाजतं. वाटलं, हेही त्यांचंच असेल."

तानवडेंना हजेरी आठवली. यांची नावं तिच्यात नव्हतीच, मग कमी कशी भरणार?

अनसूयाबाईंनी चांगलंसं खोकं निवडून पुढे केलं. "खरी आग लागली तर तेवढं कुणाला तरी सांगायला पाठवा हं."

"तानवडे, तोंड गोड करायला या!" मैदानातून मॅनेजरांची हाक आली. खोकं हातात धरून तानवडे तिथेच उभे राहिले. बायकांकडे बघवेना आणि मैदानाकडे जाववेना.