एकशे आठ वेळा ‘गेट’

"रोज एक इंग्रजी शब्द घ्या, पण नेम मोडू नका, अनुसयाताई. दहावी झालात की माझी जागा तुमची," निवृत्त होताना अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या होत्या. मदतनीस अनुसयाताईंनी वचन दिलं. इंग्रजीत मात्र त्या दोनदा नापास झाल्या.

आज तिसरी खेप. नामजपाला बसावं तसं पहाटे स्नान करून त्यांनी वहीत ‘गेट म्हणजे मिळणे’ एकशे आठ वेळा लिहिलं. सून ते बघून हसायलाच लागली.

"अहो आई, हा काय जप आहे? गेट अप म्हणजे उठणे, गेट ओल्ड म्हणजे म्हातारं होणे..."

"मेल्याचे अर्थ तरी किती! तेहतीस कोटी देव परवडले!" कधी वावगं न बोलणाऱ्या अनुसयाताईंनी वही भिरकावली.

सून वरमली. "पुढच्या वर्षी बसा हवं तर."

"तोवर जागा कोण राखतंय?"

त्यांनी डोळे पुसले, हॉलतिकीट पिशवीत ठेवलं. मागच्या दोन्ही वेळी पेपर बघून त्या अर्ध्या तासातच उठून आल्या होत्या. आज शेवटची घंटा होईपर्यंत बाक सोडायचा नाही, एवढं मनाशी ठरवून त्या हळूच दाराबाहेर पडल्या.